हब गिअरच्या सायकलीचे गिअरिंग : मागच्या दात्यांची पार्श्वभूमी

गिअर हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, आत असलेली सायकल चढावर जड जाते, ही तक्रार या हबइतकीच जुनी आहे. उपायही तेवढाच जुना आहे : मागचे स्प्रॉकेट, म्हणजे मागच्या चाकावरचे दातेरी चक्र, मोठे बसवायचे. हबमधल्या गिअरांची एकमेकांतली अंतरे कारखान्यातच ठरतात, त्यांना हात लावता येत नाही. पुढच्या चेनव्हीलचे (पेडलपाशी असलेल्या दातेरी चक्राचे) किंवा मागच्या स्प्रॉकेटचे दाते बदलून सगळेच गिअर एकदम हलके किंवा एकदम जड करता येतात, इतकेच आपल्या हातात असते.

तीन गिअरचा हब इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातून १९०२-०३ च्या सुमारास बाजारात आला. त्या काळात स्प्रॉकेट आट्यांवर बसवलेले असे. पेडल मारताना ते आणखी आवळले जाई, त्यामुळे बरीच वर्षे चाललेल्या सायकलचे स्प्रॉकेट सोडवणे हे कारागिराचेच काम होते. १९५० च्या दशकात आटे गेले आणि त्यांच्या जागी तीन खाचा व एक सर्क्लिप (स्प्रॉकेट जागेवर धरणारी तारेची कडी) आली. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सर्क्लिप उचकटली की स्प्रॉकेट सरळ हातात येते. गिअरिंग बदलणे घरच्या घरी शक्य झाले ते या साध्या सुधारणेमुळे, आणि तिचे श्रेय तिला फारसे कोणी दिलेले नाही.

गरज तर होतीच. त्या काळच्या सर्वांत प्रचलित तीन गिअरच्या हबमध्ये मधला गिअर थेट, खालचा त्याच्या ७५ टक्के आणि वरचा १३३ टक्के असे. कारखान्यातून पुढे ४६ आणि मागे १८ दाते यायचे. गिअर इंचांत मोजतात : पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास आणि हबमधल्या गिअरचे प्रमाण; आकडा जितका लहान, तितका गिअर हलका. २६ इंची चाकावर हे गिअर अनुक्रमे सुमारे ५०, ६६ आणि ८९ इंचाचे होतात. ८९ इंचाचा गिअर वारा पाठीशी असताना किंवा उतारावरच चालतो, म्हणजे रोजच्या वापरात सायकल दोनच गिअरची उरते. कारखान्यांची बाजू अशी, की थेट गिअरमध्ये आतली दातेरी चाके भार घेत नाहीत, शक्ती वाया जात नाही, म्हणून सपाटीवर मधलाच गिअर हवा. मुद्दा खरा आहे, पण त्याची किंमत चढावर मोजावी लागते. मागे २२ दाते बसवले की तेच गिअर ४१, ५४ आणि ७२ इंचावर येतात आणि तिन्ही उपयोगी पडतात.

चार दाते वाढवले तर चेनही एक इंचाने वाढवायची. ॲक्सल जवळपास जुन्याच जागी राहतो. दोनच दाते वाढवून चेन तशीच ठेवली तर चाक सुमारे सहा मिलिमीटर पुढे येते, आणि मग गिअरची केबल पुन्हा लावावीच लागते. जुन्या हबमध्ये मधल्या आणि वरच्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. केबल ढिली राहिली की पेडल तिथे अचानक मोकळे फिरते. उभे राहून पेडल मारणाऱ्याला ते धोक्याचे आहे.

पुढे डिरेल्युअरचे, म्हणजे चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरचे, दिवस आले आणि हब गिअर मागे पडला. १९९० च्या दशकात सात-आठ गिअरचे हब रुळले आणि १९९८ मध्ये ५२६ टक्के पल्ल्याचा (सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या ५.२६ पट) चौदा गिअरचा हब आला. खरा वाद सुरू झाला तो इथून. पुढचे दाते भागिले मागचे दाते हे गुणोत्तर ठरावीक आकड्याच्या खाली नेऊ नका, अशी अट कंपन्या घालू लागल्या.

अटीमागचे गणित सोपे आहे. शंभर किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) पूर्ण वजन टाकून उभा राहिला, तर क्रँकवर सुमारे १६७ न्यूटन-मीटर पीळ (फिरवणारा जोर) पडतो. गुणोत्तर २.३५ असेल तर त्यातला ७१ हबपर्यंत पोहोचतो, १.९ असेल तर ८८. म्हणजे मागचे स्प्रॉकेट जितके मोठे, तितका हबच्या आतल्या दात्यांवरचा ताण जास्त. दात्यांची संख्या इथे महत्त्वाची नाही : ४०-१७ आणि ३८-१६ या जोड्या हबला जवळपास सारख्याच. चाकाचा आकारही या हिशेबात येत नाही. म्हणूनच २० इंची चाकाच्या सायकलला अट न मोडता फार हलका गिअर मिळतो आणि सामान लादलेल्या २८ इंची सायकलला मिळत नाही. चढावर त्याची सर्वांत जास्त गरज नेमकी तिलाच असते.

चौदा गिअरच्या हबची मर्यादा आधी २.३५ च्या आसपास होती. नंतर ती १०० किलोपर्यंतच्या स्वारासाठी १.९ वर आणली गेली. २८ इंची चाकावर सर्वांत हलका गिअर त्यामुळे सुमारे १८ इंचावरून १५ वर आला. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना हवा होता तो हाच फरक. आधीची अट मोडणाऱ्यांना बेफिकीर म्हटले जात असे, हे त्यांच्यावर अन्यायाचे होते असे मला वाटते. वजनाची अट सुरुवातीपासून आकड्याला जोडलेली असती तर हलक्या स्वारांना इतकी वर्षे ताटकळावे लागले नसते. आजही काही हबच्या माहितीपत्रकात नुसता आकडा असतो, तो कोणत्या वजनासाठी आहे ते नसते.

अलीकडे चेनच्या जागी दातेरी पट्टा येऊ लागला आहे. पट्ट्याला कडी जोडता येत नाही. दाते बदलायचे तर बहुधा वेगळ्या लांबीचा पट्टा घ्यावा लागतो, आणि तो बसवायला फ्रेम मागच्या बाजूला उघडणारी हवी. क्रँकपाशी मोटर असलेल्या सायकलींनी तर जुना हिशेबच अपुरा ठरवला, कारण तिथे मोटरचा पीळ पायाच्या पिळात मिळूनच हबकडे जातो. अशा सायकलवर स्प्रॉकेट मोठे करण्याआधी हबला एकूण किती न्यूटन-मीटर मान्य आहे ते पाहायचे, मग दाते मोजायचे.