काळवीट, .३१५ आणि इंग्रजांची भीती

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामेभावाच्या मुलाचा मेसेज आला, तो टेक्सासला असतो. काका, इकडे रँचवर काळविटाची शिकार करता येते, लायसन काढलंय, रायफल कुठली घेऊ, आणि पणजोबांची .३१५ होती ना तशीच मिळाली तर चालेल का? ग्रुपवर अर्थातच धुमाकूळ झाला, अर्ध्या लोकांना काळवीट म्हटल्यावर १९९८ची जोधपूरची सलमान खानची केसच आठवली. पण टेक्सासात काळवीट १९३२च्या सुमारास आपल्याकडूनच गेलंय, तिथं ते बाहेरून आणलेलं जनावर समजतात आणि लायसन व जमीनमालकाची परवानगी असली की शिकार कायदेशीर आहे. म्हणजे पोराचा प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र दोन ओळीत देता येईना, कारण त्या .३१५ (म्हणजे नळीचं इंचातलं माप, रायफल आणि काडतूस त्याच नावानं ओळखतात) मागे शंभरेक वर्षांची गोष्ट आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी जनावर काय आहे ते बघा. हिमालयाकडचा भाग सोडला तर आपल्याकडे अँटिलोप चारच, काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि नीलगाय. (अमेरिकेतलं प्राँगहॉर्न, ज्याला तिकडे सगळे अँटिलोपच म्हणतात, ते खरं तर वेगळ्याच कुळातलं.) त्यातलं काळवीट आणि चिंकारा म्हणजे उघड्या माळरानावरचं जनावर, आडोसा नाही, नजर तीक्ष्ण, आणि अंगानं लहान. मोठा नर चाळीसेक किलोचा, चिंकारा त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे इथं ताकदीचा प्रश्नच नव्हता कधी, प्रश्न होता तो अंतराचा. वाघाला जड गोळी लागते, काळविटाला सरळ जाणारी लागते.

बंदूक यायच्या आधी लोकांनी हे अंतर डोकं लावून तोडलं होतं. फासेपारध्यांचे फासे होते, गाय पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून हळूहळू सरकत कळपापर्यंत जायचे. संस्थानिकांकडे चित्ते होते, आपल्या कोल्हापूरलाच काळविटावर चित्ता सोडायची शिकार चालायची आणि इथले चित्ते संपत आले तेव्हा १९१८ ते १९४५ या काळात आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. पुढे साहेब लोक आले त्यांनी बैलगाडीची युक्ती उचलली. काळवीट माणूस दिसला की पळतं पण बैलगाडीला बुजत नाही, रोजचीच सवय, मग गाडीच्या पलीकडच्या बाजूनं चालत चालत जायचं आणि गाडी पुढे गेली की मागे थांबून बार काढायचा.

ठासणीच्या बंदुकीला ही युक्ती लागायचीच. मग काडतुसाच्या रायफली आल्या तरी काळ्या दारूच्या जमान्यात गोष्ट फार बदलली नाही. १८७१ला इंग्रज फौजेनं घेतलेली मार्टिनी-हेन्री, तिची शिशाची गोळी एकतीस ग्रॅमची आणि वेग सेकंदाला साधारण १३५० फूट. म्हणजे अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी गोळी पोटाखालून जाणार, शिवाय पांढऱ्या धुराचा लोट उठला की जनावर पडलं का पळालं तेही दिसायचं नाही.

१८८४ला फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि तिथून सगळं पालटलं. गोळ्या बारीक झाल्या, त्यांच्यावर तांब्या-निकेलचं कवच चढलं, वेग दोन हजार फुटांच्या पार गेला. जर्मनीच्या माउझर कंपनीचं सात मिलिमीटरचं काडतूस १८९०च्या दशकातलं, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांनी तेच इंग्रजांवर चालवलं, आणि १९०७ला लंडनच्या रिग्बी या बंदूकवाल्यांनी तेच काडतूस इंचात मोजून .२७५ नावानं विकायला काढलं. त्याच वर्षी चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला जी रायफल बक्षीस मिळाली ती हीच .२७५ रिग्बी. नऊ ग्रॅमची गोळी, वेग २७०० फुटांच्या वर, माळावरच्या काळविटाला याहून जास्त काही लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे लंडनच्याच हॉलंड अँड हॉलंड कंपनीची .२४० आली ती तर हरणांसाठीच म्हणून घेतली जायची. अमेरिकेत हाच विचार वेगळ्या वाटेनं गेला, १९१५ला सॅव्हेजची .२५०-३०००, १९२५ला विंचेस्टरची .२७०, १९५५ला .२४३. रस्ता एकच, गोळी हलकी, वेग जास्त, गोळीची वाट सरळ.

मग आमच्या आजोबांकडे, म्हणजे पोराच्या पणजोबांकडे, .२७५ का नव्हती, .३१५ का होती? इथंच खरी गोम आहे.

१८५७ नंतर इंग्रजांना इथल्या माणसाच्या हातातल्या बंदुकीची जी धास्ती बसली ती कधी गेलीच नाही. १८७८चा आर्म्स अ‍ॅक्ट आला, हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्यांना सूट. काँग्रेसनं १८८७च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला होता. त्यानंतर १९०७ला सरकारनं .४५० मापाची काडतुसं हिंदुस्थानात आणायलाच बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी रायफली त्याच मापाच्या, त्या कुणाकुणाच्या हाती पोचल्या होत्या आणि त्यांना दारूगोळा मिळू नये. लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं, तर माप थोडं सरकवलं, .४६५ आणि .४७० अशी काडतुसं पुढे आली. म्हणजे हत्ती तोच, वाघ तोच, माप बदललं ते सरकारच्या भीतीमुळे. आणि .३०३ तर फौजेचं काडतूस, ते साध्या माणसाकडे नकोच, आजही ते प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे साध्या माणसाला मनाई असलेल्या मापांत येतं.

काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे ना, रिदम हाऊस होतं त्याच भागात, आता खाली कपड्यांचं मोठं दुकान आहे. त्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबईतली शाखा १८९१ची. तंबू, खोगीर, औषधं, बंदुका, काडतुसं, साहेबाला शिकारीला जे लागेल ते एका छपराखाली. मी रोज तिथून चालत ऑफिसला जातो आणि दर वेळी वाटतं, विलायतेहून बोटीनं येणारी ती बारीक मापाची महागडी रायफल मुंबईत उतरायची पण करमाळ्याच्या शेतकऱ्यापर्यंत पोचायला ना पैसा होता ना परवाना.

त्याच्यापर्यंत पोचली ती .३१५. मापानं आठ मिलिमीटर, काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखरचं, बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदूक कंपनीनं ते उचललं कारण ते इंग्रज फौजेचं नव्हतं, म्हणजे हिंदुस्थानात साध्या माणसाला विकायला हरकत नाही. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या आपल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानं त्याच .३१५ची स्पोर्टिंग रायफल काढली, यंत्रणा सगळी इंग्रज फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलची, फक्त नळी फौजेच्या मापाची नाही. इंग्रज गेले पण नियमाचा साचा तोच राहिला. काळविटाला काय हवं हा विचार त्या निवडीत कुठेच नव्हता.

आजोबांचं एक रिकामं काडतूस माझ्याकडे आहे, आत्ता समोर ठेवलंय. पितळ काळपट पडलंय, उंची बोटाच्या दोन पेरांएवढी, बाटलीसारखा खांदा, आणि बुडाला बाहेर आलेली जाड कड. बुडावर के एफ असा शिक्का, म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची, १८६९चा कारखाना. ती जाड कडच सांगते की हे जुन्या पिढीचं काडतूस आहे, माउझरवाल्या .२७५ला अशी कड नसते, म्हणून ती मॅगझिनमधून सुळसुळीत वर येते. .३१५ची गोळी जवळजवळ सोळा ग्रॅमची, वेग दोन हजार फुटांच्या आसपास. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेवर गोळी वीतभर तरी खाली जाते. .२७५ तेवढ्यात चार-पाच बोटं खाली जाईल. काळविटाच्या छातीची जागाच जेमतेम वीतभर, म्हणजे .३१५नं अंदाज चुकला की पाय मोडतो किंवा पोटाला लागते, आणि तसं जनावर दिवसभर तडफडत फिरतं. हे मी आजोबांकडून ऐकलंय आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

गोळीच्या टोकाचंही तेच. कोलकात्याचं डमडम आपल्याला एअरपोर्टमुळे माहीत, पण १८९०च्या दशकात तिथल्या कारखान्यात .३०३ची टोकाला उघडी, लागल्यावर पसरणारी गोळी बनली, आणि १८९९ला हेगच्या परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला मनाई झाली. शिकारीत मात्र मऊ टोकाचीच हवी. पूर्ण कवचाची गोळी हरणासारख्या नाजूक अंगातून सुईसारखी आरपार जाते, जनावर मरतं पण तासाभरानं, कुठेतरी काट्यात.

महायुद्धानंतर जीप आल्या, रात्री सर्चलाइट लावून कळपच्या कळप मारले गेले, तिथं मापाचा आणि नेमाचा प्रश्नच उरला नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आला, काळवीट पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे शिकार बंद, आजोबांनी रायफल परत कधी बाहेर काढली नाही. आता नगरकडच्या रेहेकुरीला जाऊन बघा, दोन चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य, १९८०चं, सकाळी लवकर गेलात तर काळवीट रस्त्यावरून उड्या मारत जाताना दिसतं आणि कॅमेऱ्याशिवाय हातात काही असावं असं वाटतही नाही.

पोराला शेवटी लिहिलं ते असं. .३१५ शोधू नकोस, ती काळविटासाठी बनलेलीच नाही. .२४३ घे, साडेसहा ग्रॅमची मऊ टोकाची गोळी, .२७० असली तरी उत्तम. नीलगाय मारायचा विचार असेल तर यातलं काही नको, तिला जाड कातडं आणि अडीचशे किलोचं अंग, .३०० मॅग्नमच्या खाली जाऊ नकोस. आणि त्यानं विचारलं, पणजोबा किती लांबून मारायचे? मी आईला फोन लावला, आईचं वय आता ब्याऐंशी. ती म्हणाली, बाबा ऐंशी पावलांच्या पलीकडून कधीच बार काढायचे नाहीत, गाडीच्या चाकाआडून तेवढं जवळ जाता नाही आलं तर तसेच घरी यायचे आणि आम्ही पिठलं खायचो.