व्हिडिओ लावून ठेवला की बाळ भाषा शिकतं?

"बाळासमोर परक्या भाषेतले व्हिडिओ लावून ठेवा, ती भाषा ते आपोआप उचलेल." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. वाटतोही पटण्यासारखा, मुलं ऐकूनच तर बोलायला लागतात.

पण नुसतं ऐकून नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना १२ बैठकांत मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. काहींशी माणूस समोर बसून, खेळणी दाखवत बोलला. काहींना तेच पडद्यावर दाखवलं. मँडरिनमधला बारीक ध्वनिभेद पहिल्या गटाला ओळखता आला, पडद्यावाल्यांना नाही.

असं का? बाळ चेंडूकडे बघून 'बू' म्हणतं, तेव्हा समोरचा लगेच "चेंडू हवा?" विचारतो आणि थांबतो. नजर, वस्तू, शब्द एकाच क्षणी जुळतात. पडद्याला बाळ कुठे बघतंय याचा पत्ताच नसतो. (थोडी भाषा येणाऱ्या मोठ्या मुलांना व्हिडिओतून नवे शब्द मिळतात, ती गोष्ट निराळी.)

घरी पडताळायचंय? व्हिडिओत रोज येणारा एखादा शब्द घ्या. पडदा बंद करा, तीन-चार वस्तू मांडा आणि बोट न दाखवता, त्या वस्तूकडे न बघता ती मागून बघा. एकदा जमलं तर योगायोग असू शकतो. जागा बदलून पुन्हा मागा.