अदिश आणि सदिश राशी

केवळ परिमाण, म्हणजे संख्या आणि एकक, सांगितले की जी राशी पूर्ण कळते ती अदिश राशी. परिमाणासोबत दिशाही सांगावी लागते ती सदिश राशी. वस्तुमान, काल, तापमान, घनता आणि ऊर्जा या अदिश. विस्थापन, वेग, त्वरण, बल आणि संवेग या सदिश. लिहिताना सदिशाच्या अक्षरावर बाण काढतात.

व्याख्या सोपी आहे, पण अपुरी. राशी सदिश आहे की नाही, हे खरे तर तिची बेरीज कशी होते यावरून ठरते. एका कडीत दोन तानकाटे अडकवून एक ३ न्यूटन, दुसरा ४ न्यूटन बलाने ओढला, तर कडीवरचे एकूण बल किती? दोन्ही एकाच दिशेने ओढले तर ७ न्यूटन, विरुद्ध दिशांनी १ न्यूटन आणि काटकोनात ५ न्यूटन. काट्यांवरचे आकडे तेच राहतात, कोनाबरोबर उत्तर बदलते. दोन्ही बलांना लगतच्या बाजू मानून समांतरभुज चौकोन काढला की त्याच बिंदूतून जाणारा कर्ण एकूण बल दाखवतो.

विद्युतधारेला दिशा असते, तरी ती अदिश आहे. ३ आणि ४ अँपिअरच्या धारा एका सांध्यात शिरल्या की बाहेर ७ अँपिअरच पडतात, मग तारांमधला कोन कोणताही असो. तापमानापुढचे उणे चिन्हही दिशा दाखवत नाही. ते फक्त शून्याखालचे मोजमाप आहे.

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ चाल (अंतर भागिले वेळ, अदिश) आणि वेग (विस्थापन भागिले वेळ, सदिश) यांत होतो. ४०० मीटरच्या धावपट्टीची एक फेरी पूर्ण केली तर कापलेले अंतर ४०० मीटर, पण विस्थापन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे सरळ अंतर, शून्य; म्हणून त्या फेरीचा सरासरी वेगही शून्य. वर्तुळावर एकसमान चालीने फिरणाऱ्या वस्तूचा वेग मात्र क्षणोक्षणी बदलतो, कारण दिशा बदलते. त्यामुळे तिला केंद्राकडे त्वरण असते.

अदिश आणि सदिश या संज्ञा आयरिश गणिती हॅमिल्टन यांच्या चतुर्दलांवरील, म्हणजे चार घटकांच्या संख्यांवरील (क्वाटर्निअन), कामातून (१८४३ पासून) आल्या. आजची सदिश पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्ज आणि इंग्रज अभियंते हेविसाइड यांनी घडवली.

बेरजेची कसोटी किती कडक आहे, हे पुस्तक हातात घेऊन पाहता येते. ते आधी उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, मग आडव्या अक्षाभोवती ९० अंश. आता पुस्तक मूळ स्थितीत आणून क्रम उलटा करा: पुस्तक वेगळ्याच स्थितीत थांबते. सदिशांच्या बेरजेत क्रमाने फरक पडत नाही; म्हणून परिमाण आणि अक्षाची दिशा दोन्ही असूनही असे फिरवणे सदिश ठरत नाही.