कोड आधी उघडाच होता, कुलूप नंतर लागलं

ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरचा विषय निघाला की बहुतेक जण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून म्हणजे १९९१ पासून सुरू करतात, पण गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे आणि आपण समजतो त्याच्या उलटी आहे. सगळं बंद होतं आणि मग कोणीतरी येऊन उघडलं असं काही झालेलं नाही.

१९५०-६० च्या काळात कॉम्प्युटर म्हणजे खोली भरून टाकणारं मशीन, पैसे मोजायचे ते मशीनचे, सॉफ्टवेअर सोबत यायचं आणि बरेचदा सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरासकट यायचं. वापरणारेच त्यातले बग काढायचे, सुधारणा करायचे आणि एकमेकांना द्यायचे, आयबीएमची मशीन्स वापरणाऱ्यांनी तर १९५५ मध्ये यासाठी 'शेअर' नावाचा ग्रुपच काढला होता. मग १९६९ मध्ये मक्तेदारीच्या खटल्याचं टेन्शन असताना आयबीएमने सॉफ्टवेअरचं बिल हार्डवेअरपासून वेगळं करायचं जाहीर केलं, आणि सॉफ्टवेअर ही विकायची वस्तू झाली. १९७६ मध्ये बिल गेट्सचं हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून ते प्रसिद्ध पत्र आलं, की बाबांनो तुम्ही आमचं बेसिक नावाचं सॉफ्टवेअर कॉपी करताय ही सरळ चोरी आहे. १९८० मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम स्पष्टपणे आले, आणि १९८३ मध्ये आयबीएमनेही यापुढे सोर्स देणार नाही असं धोरण जाहीर केलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रोजेक्टची, म्हणजे पूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायच्या कामाची घोषणा केली. हा माणूस एमआयटीच्या एआय लॅबमधला, तिथे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला होता आणि तो सारखा अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या कोडमध्ये याने बदल केला होता, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना मेसेज जायचा, पण नव्याचा सोर्सच मिळेना आणि ज्याच्याकडे होता त्याने करारावर सही केलीये म्हणून द्यायला नकार दिला. एवढ्याशा प्रिंटरवरून एवढं रामायण, पण त्याच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता, मशीन माझ्यासमोर आहे, काय बिघडलंय ते मला कळतंय, तरी मी दुरुस्त करायचं नाही?

पैशाला त्याचा विरोध कधीच नव्हता. इमॅक्स या आपल्या एडिटरची टेप तो स्वतः १५० डॉलरला विकायचा. अट एवढीच की घेणाऱ्याला तो प्रोग्राम हवा तसा वापरता, वाचता, बदलता आणि पुढे वाटता आला पाहिजे. आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात डोकेबाज काम कोड नाहीच, ते लायसन्स आहे. १९८९ मध्ये जीपीएल नावाचं हे लायसन्स आलं, त्यात कॉपीराइट सोडून दिलेला नाही, उलट त्याचाच आधार घेऊन सांगितलंय की हा कोड बदलून पुढे दिलात तर तोही याच अटींवर, सोर्ससकट द्यायचा. ज्या कायद्याने कोडला कुलूप लावलं तोच कायदा त्याने उघडं ठेवायला वापरला!

१९९० पर्यंत ग्नूकडे कंपायलर (सोर्स कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) होता, एडिटर होता, बाकी बरंच होतं, फक्त कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा, नव्हता. तिकडे बर्कली विद्यापीठाचं बीएसडी, म्हणजे एटी अँड टीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरून बनलेली सिस्टिम, जवळपास तयार होतं, पण १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने त्यावर कोर्टात केस टाकली आणि १९९४ ला तडजोड होईपर्यंत लोक बिचकूनच होते. नेमका याच काळात हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याचा लिनक्स हा कर्नल आला, सुरुवातीला त्याच्या लायसन्समध्ये पैसे घेऊन वाटायला मनाई होती, १९९२ मध्ये त्याने जीपीएल घेतलं आणि मग गाडी सुसाट सुटली. त्या वेळी इंटेलच्या ३८६ चिपवर चालणारं बीएसडी मिळालं असतं तर लिनक्स बहुधा झालंच नसतं, असं टोरवाल्ड्सनेच म्हटलंय.

'ओपन सोर्स' हे नाव मात्र १९९८ चं. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स खुला करणार असं जाहीर केलं, आणि कंपन्यांना स्टॉलमनच्या 'फ्री सॉफ्टवेअर' या नावातलं स्वातंत्र्य वगैरे ऐकून धडकी भरते म्हणून काही लोकांनी जरा सौम्य नाव पुढे केलं. स्टॉलमनला ते अजूनही पटलेलं नाही, त्याच्या मते त्यात स्वातंत्र्याचा मुद्दाच गाळलाय. कंपन्यांना मात्र पटलं, ज्या मायक्रोसॉफ्टचे बॉस २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर देऊन गिटहब, म्हणजे ओपन सोर्स कोड ठेवायची मोठी साइट, विकत घेतलं.

आता भांडण कोड उघडा की बंद यावर फारसं राहिलेलं नाही, तो सांभाळायचा कोणी यावर आहे. २०१४ मध्ये इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाचा बग सापडला तेव्हा कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप मोजकी माणसं तुटपुंज्या पैशात सांभाळतायत, मग मोठ्या कंपन्यांनी घाईघाईने निधी उभा केला. तरी डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, फुटलं (त्यात घुसखोरीची मोठी फट सापडली) तेव्हा रात्री जागून दुरुस्तीचे पॅच काढणारे पुन्हा बहुतेक स्वयंसेवकच होते.