सेवा व्यवसायाला स्टार्टअप मान्यता: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जात नेमकं अडतं कुठे

केंद्र सरकारच्या डीपीआयआयटीची (उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची) स्टार्टअप मान्यता फक्त ॲप किंवा यंत्र बनवणाऱ्यांसाठी असते, असा पुण्यात अनेकांचा समज आहे. पण १९ फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेत उत्पादन आणि प्रक्रियेच्या बरोबरीने सेवेचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि नावीन्यासोबत 'सुधारणा' हीसुद्धा ग्राह्य धरली आहे. त्यामुळे घरपोच रुग्णसेवा, सोसायट्यांची देखभाल, गोदाम व्यवस्थापन, प्रशिक्षण अशा कामातल्या संस्थाही अर्ज करू शकतात. त्यांचे अर्ज पात्रतेपेक्षा वर्णनावर जास्त अडतात.

तरीही आधी पात्रता बघून घ्या. या अधिसूचनेनुसार संस्था प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असावी लागते. एकल व्यक्ती कंपनीही चालते. प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकाच मालकाचा धंदा, चालत नाही; उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) किंवा जीएसटी नोंदणी असली तरी फरक पडत नाही. स्थापनेला १० वर्षं झालेली नसावीत आणि कोणत्याही आर्थिक वर्षात उलाढाल ठरलेल्या मर्यादेवर गेलेली नसावी. ही मर्यादा आधी २५ कोटी रुपये होती, २०१९ च्या अधिसूचनेत १०० कोटी झाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये २०० कोटी, म्हणजे ती बदलत असते. मोठी उलाढाल असेल तर अर्जाच्या दिवशीचा आकडा पोर्टलवर पाहा. चालू धंद्याची विभागणी किंवा फेररचना करून काढलेली कंपनी नियमात बसत नाही. वडिलांच्या फर्मचे करार आणि माणसं जशीच्या तशी नव्या कंपनीत आणली असतील, तर अर्जाआधी सीएशी बोलून घ्या.

भागीदारीत एक चूक फार होते. स्टॅम्प पेपरवर करारनामा करून नोटरी केली म्हणजे फर्मची नोंदणी झाली असं नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ५९ प्रमाणे रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद झालेली असावी लागते आणि अर्जाला तोच पुरावा जोडायचा असतो.

कागदपत्रं मोजकीच आहेत: कंपनीचं किंवा एलएलपीचं नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचा पॅन, संचालक किंवा भागीदारांचा तपशील, अर्ज भरणाऱ्याच्या नावे लेटरहेडवर अधिकारपत्र, आणि काम दाखवणारा पुरावा म्हणजे वेबसाइट, सादरीकरण किंवा छोटा व्हिडिओ. नोंदणी प्रमाणपत्राच्या जागी उद्यम किंवा जीएसटीचा दाखला जोडू नका. संस्थेचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं लिहा. वेबसाइटवर 'लवकरच येत आहोत' एवढंच असेल, तर त्यापेक्षा दहा पानी सादरीकरण बरं.

अर्ज स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. पुण्याचं कंपनी निबंधक कार्यालय आकुर्डी रेल्वे स्टेशनजवळ आहे, पण या मान्यतेसाठी तिथे खेटे घालावे लागत नाहीत. इन्क्युबेटरचं, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेचं, शिफारसपत्रही २०१७ पासून लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता खरा कस. कोणता प्रश्न सोडवता, कसा सोडवता, त्यात वेगळं काय आणि पैसे कसे मिळतात, हे अर्जात लिहायचं असतं. इथे बहुतेक जण माहितीपत्रकातली भाषा उतरवतात. समजा, कोथरूडमधली एक कंपनी घरी परिचारिका पाठवते. 'आम्ही अनुभवी परिचारिकांमार्फत दर्जेदार सेवा देतो' या वाक्यात नवं काहीच नाही. हे कोणतीही एजन्सी म्हणेल. त्याऐवजी असं लिहा: 'पाळी बदलताना रुग्णाच्या औषधांची नोंद तोंडी दिली जाते आणि मात्रा चुकते. आमच्या पद्धतीत पुढची परिचारिका फोनवर नोंद तपासून मान्य करेपर्यंत आधीची पाळी बंद होत नाही. नोंद राहिली तर पर्यवेक्षकाला लगेच सूचना जाते.' यात अडचण दिसते, बदललेली पायरी दिसते आणि बदलाचा उपयोगही कळतो. तुमच्याकडे आधीचे आणि नंतरचे आकडे असतील तर तेही द्या. नसतील तर बनवू नका.

सेवा व्यवसायाला हे इतकं बारकाईने लिहावं लागतं, कारण पेटंटचा आधार सहसा मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार व्यवसायपद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम हे शोध मानले जात नाहीत. ट्रेडमार्क मात्र जरूर घ्या. सेवांचे वर्ग ३५ ते ४५ आहेत आणि ऑनलाइन अर्जाला मान्यताप्राप्त स्टार्टअपला प्रत्येक वर्गामागे ९,००० ऐवजी ४,५०० रुपये लागतात. मान्यतेचा दाखला अर्जासोबतच जोडा.

मान्यता मिळाली म्हणजे करसवलत मिळाली, असं होत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम ८०-आयएसीची सवलत, म्हणजे पहिल्या १० पैकी सलग ३ वर्षांच्या नफ्यावर पूर्ण वजावट, मिळवायला आंतरमंत्रालयीन मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. ती फक्त १ एप्रिल २०१६ रोजी किंवा त्यानंतर स्थापन झालेल्या कंपनी आणि एलएलपीला मिळते, भागीदारीला नाही. लेखापरीक्षित ताळेबंद आणि आयकर विवरणपत्रं तयार ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमाचा क्रमांक सीएकडून तपासून घ्या. नफाच नसेल तर ती ३ वर्षं आत्ताच निवडण्याची घाई करू नका.

केंद्राच्या खरेदीत सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे मान्यताप्राप्त स्टार्टअपला बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ असते. आधीचा अनुभव आणि उलाढालीची अटही शिथिल करता येते, पण गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पाळावेच लागतात. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या निविदेत ही सूट आपोआप मिळेल असं धरून चालू नका. निविदेतलं अटींचं पान वाचा, सूट लिहिलेली नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न द्या आणि उत्तर येईपर्यंत बयाण्याची सोय करून ठेवा.