हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी (नाशिक)

नाशिकमधे १९१८ पासून साधारण १९३२-३३ पर्यंत चाललेली मूकपट काढणारी कंपनी. दादासाहेब फाळक्यांचा (१८७०–१९४४) स्वतःचा जो कारखाना होता तोच १ जानेवारी १९१८ ला भागीदारीत गेला आणि त्याला हे नाव मिळालं. नाव सगळीकडे एकसारखं सापडत नाही, कुठे नुसतं हिंदुस्थान फिल्म कंपनी, कुठे हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स, पण कंपनी एकच. हिच्या नावावर शंभराच्या आसपास चित्रपट धरतात, बहुतेक पौराणिक नाहीतर संतांचे. फाळक्यांचं चरित्र, राजा हरिश्चंद्र हा त्यांचा पहिला चित्रपट, तो लागला ती तारीख ३ मे १९१३, आणि तो लागला ते गिरगावचं कोरोनेशन थिएटर, हे सगळ्यांना पाठ असतं म्हणून इथे परत लिहिलेलं नाही. इथे मुख्यतः दोनच गोष्टी घेतल्यात, कंपनीत रोजचं काम कसं चालायचं आणि भागीदारांशी फाळक्यांचं जे बिनसलं ते नेमकं कशावरून.

कंपनी हा शब्द

आधी शब्दाचं बघायला हवं, कारण पुढच्या भांडणाचं मूळ बरंचसं या शब्दातच आहे. मराठी माणसाला तोपर्यंत कंपनी म्हणजे नाटक कंपनी माहीत. मालक एक, कर्ज त्याच्या नावावर, पन्नास-साठ माणसांचं बिऱ्हाड त्याच्या जिवावर, सगळ्यांची एकच पंगत, पगार जमेल तसा, आणि तालमी किती करायच्या ते मालकाच्या मनावर. फाळक्यांनी १९१३ मधे मुंबई सोडून नाशिकला बस्तान हलवलं (त्र्यंबकेश्वर हे त्यांचं जन्मगाव, त्यामुळे हा मुलूख त्यांच्या ओळखीचाच) तेव्हा त्यांनी हेच वळण ठेवलं. घर आणि कामाची जागा यात भिंत अशी नव्हतीच. सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून फिल्मच्या कामाला बसायच्या, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या असं सांगतात, आणि हे सांगणाऱ्यांमधे घरचेच लोक असल्यामुळे ते खरं मानायला हरकत नाही. दुसरा शब्द फॅक्टरी. दादरला पहिला चित्रपट चालू होता तेव्हा सिनेमात काम करतो म्हणायची लाज वाटायची, म्हणून फाळक्यांनी नटांना "हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे" असं सांगायला शिकवलं होतं, ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी येते. फॅक्टरीत कामाला म्हटलं की विचारणाराही समजून घ्यायचा.

भागीदारांच्या डोक्यातली कंपनी मात्र वेगळी होती. भांडवल, खातेवही, वर्षाचा ताळेबंद, नफ्याची वाटणी. म्हणजे करारावर सह्या करताना दोन्ही बाजूंनी शब्द एकच वापरला आणि अर्थ दोन धरले, असं आमचं मत आहे.

कामाचा दिवस

मूकपटाच्या काळात सगळं सूर्यावर अवलंबून. शूटिंग दिवसाच, वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं, ढग आले की थांबायचं आणि पगार चालूच. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी, म्हणजे एका सेकंदाला एक फूट फिल्म जाते. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, लाल शालू पडद्यावर काळा येई, म्हणून कपडे निवडताना रंग डोळ्यांना कसा दिसतो यापेक्षा फिल्मवर कसा उतरेल ते बघावं लागायचं. त्याचा एक फायदाही होता, लाल दिव्यात फिल्म हाताळता यायची.

फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम (मशीनचे दाते या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात) इथे नीट सांगायला हवं, कारण चित्रपटाच्या इतिहासात ते एका ओळीत संपवतात. फाळक्यांनी १९१२ मधे लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं आणि प्रिंट काढायचंही मशीन आणलं होतं. कच्ची फिल्म कोरी यायची, कडेची भोकं इथे पाडायची. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला एका बाजूला चार भोकं, दोन्ही बाजू धरून फुटाला १२८. राजा हरिश्चंद्र ३,७०० फुटांचा, म्हणजे नुसत्या निगेटिव्हचा हिशेब पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं, आणि वाया गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही, प्रत्येक प्रिंटचं परत वेगळं. हे काम अंधाऱ्या खोलीत, रात्री, मशीन हाताने चालवून. एक भोक जरी सरकलं तरी पडद्यावर चित्र नाचतं. हे काम सरस्वतीबाईंनी केलं, पुढे त्यांनी ते इतरांनाही शिकवलं असं म्हणतात. नंतरच्या काळात ज्याला टेक्निकल डिपार्टमेंट म्हणायला लागले ते नाशिकला असं माजघरात सुरू झालं, आणि भागीदारांना खातेवहीत या कामाचं कलम सापडत नसणार हे उघड आहे, कारण घरच्या बाईला पगार कोण लावतो.

फिल्म धुण्याचंही तसंच. लाकडी चौकटीवर गुंडाळून टाकीत बुडवायची, पाणी कोमट झालं की वरचा थर सुटायला लागतो म्हणून उन्हाळ्यात हे काम रात्री किंवा पहाटे करणं भाग. त्यात नायट्रेट फिल्म, ठिणगी पडली तर पाण्यानेही विझत नाही.

माणसं कामात वर कशी चढायची त्याचं चांगलं उदाहरण अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात आचारी होते, दहा रुपये पगार, फाळक्यांनी पंधरा देऊन आणलं आणि ते राजा हरिश्चंद्रमधे तारामती झाले, कारण बायका काम करायला तयार नव्हत्या. (पुढच्या मोहिनी भस्मासुर चित्रपटात लगेच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, पण पुरुषांनी बायकांची कामं करणं त्यानंतरही चालूच होतं.) लंकादहनमधे, १९१७ ला, साळुंके राम पण आणि सीता पण. पुढे हेच साळुंके कॅमेऱ्यामागे गेले. हरिश्चंद्र झालेले दबके आणि विश्वामित्र झालेले साने यांचीही नावं पुढे दिग्दर्शक म्हणून येतात. नाटक कंपनीत नट म्हातारा झाला की फार तर तालीम मास्तर व्हायचा, इथे नटाला मशीनकडे जायची वाट होती, ही कंपनीची मोठी देणगी मानायला हवी.

भागीदारी

पहिल्या महायुद्धात कच्ची फिल्म महागली, पैसे देणाऱ्यांनी हात आखडला आणि फाळके पार अडचणीत आले. लंकादहन तुफान चाललं, नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या अशी आठवण सांगतात, आणि मग पैसेवाले स्वतःहून आले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने मनमोहनदास रामजी आणि रतनशेठ टाटा यांच्या भांडवलावर लिमिटेड कंपनी काढायचं बोलणं झालं होतं, फाळक्यांनी ते स्वीकारलं नाही. भांडवलाचे आकडे जागोजागी वेगळे आहेत म्हणून इथे देत नाही. त्याऐवजी त्यांनी वामन श्रीधर आपटे आणि मंडळींशी करार केला. आपटे मॅनेजिंग पार्टनर, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर आणि ल. ब. फाटक पैसा घालणारे, आणि फाळके वर्किंग पार्टनर.

वर्किंग पार्टनर म्हणजे ज्याचं भांडवल त्याचे हात. ऐकायला मानाचं वाटतं, पण फिल्म किती फूट वापरायची, सेट किती दिवस उभा ठेवायचा, एक प्रसंग परत घ्यायचा का, हे पैशाचे प्रश्न आहेत की कामाचे, हे त्यातून ठरत नाही.

सुरुवात तरी जोरात झाली. श्रीकृष्णजन्म १९१८ च्या ऑगस्टमधे मुंबईला मॅजेस्टिकमधे लागला, कृष्णाच्या कामात फाळक्यांची सहा-सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. १९१९ मधे कालियामर्दन, तोही महिनोन्‌महिने चालला. दोन्ही चित्रपटांनी पैसा दिला आणि वाद तरीही वाढला, हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण कंपनी तोट्यात होती म्हणून भांडण झालं असं बऱ्याचदा ढोबळपणे लिहितात, ते बरोबर नाही. भागीदारांना चित्रपट किती दिवसात होणार आणि किती खर्चात होणार हे आधी लेखी हवं होतं. फाळके एकेका ट्रिकसाठी (कॅमेऱ्याच्या युक्तीने दाखवायच्या चमत्कारासाठी) किती दिवस लागतील ते सांगू शकत नव्हते, कारण ती ट्रिक तोपर्यंत इथे कोणी केलेलीच नसायची. भागीदारांचं मागणं अगदीच गैर होतं असं म्हणता येत नाही, दुसऱ्याचा पैसा घेतला की हिशेब देणं आलंच. पण ज्या माणसाने स्वतःची विमा पॉलिसी आणि बायकोचे दागिने गहाण टाकून हा धंदा उभा केला त्याला प्रत्येक फुटाचा जाब विचारला जाणं किती लागलं असेल तेही समजतं. नवयुग मासिकात १९१७-१८ मधे फाळक्यांनी भारतीय चित्रपटावर जे लेख लिहिले त्यात हा माणूस आपल्या धंद्याला देशकार्य समजत होता हे ओळीओळीत दिसतं.

फाळके कंपनीतून बाहेर कधी पडले यावर एकमत नाही. काही १९१९ देतात, काही १९२०. दोन्हींचा मेळ बसू शकतो: कालियामर्दननंतर १९१९ च्या अखेरीस फाटलं आणि पुढच्या वर्षी ते कुटुंब घेऊन काशीला गेले, असं धरलं तर अडचण राहत नाही आणि आम्हाला तेच जास्त पटतं. काशीत त्यांनी रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं, त्याचे प्रयोग मुंबई-पुण्याला झाले पण चाललं नाही.

परत येणं

संदेश या वर्तमानपत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकरांनी फाळक्यांना परत बोलावलं, फाळक्यांनी सिनेमापुरता मी मेलो असं उत्तर दिलं आणि कोल्हटकरांनी तेच मथळा करून छापलं, अशी हकिकत सांगतात. मग लोकांची पत्रं आली आणि मन वळलं. मथळ्याचे शब्द वेगवेगळे सांगितले जातात, पण दुसरं कारणही तितकंच खरं असावं, ते म्हणजे मधल्या काळात कंपनीचं बरं चाललं नव्हतं आणि आपट्यांना फाळके हवे होते. १९२२ मधे ते नाशिकला परत रुजू झाले, निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून, महिना १,००० रुपये पगारावर. आकडा त्या काळात मोठाच. पण आपणच उभ्या केलेल्या कारखान्यात ते आता पगारी माणूस होते, आणि ज्यांना त्यांनी हाताला धरून शिकवलं ती मंडळी दोन वर्षं त्यांच्याशिवाय चित्रपट काढून मोकळी झाली होती. ऑफिसातली ओढाताण यानंतर मालक विरुद्ध कारागीर एवढीच राहिली नाही, गुरू आणि तयार झालेले शिष्य असाही एक पदर आला असणार. वीसच्या दशकातली नंतरची वर्षं इथे थोडक्यात घ्यावी लागतात: चित्रपट भराभर निघाले, मधे परत मतभेद, परत बाहेर. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तोपर्यंत पुढे गेली होती आणि १९२९ ला तिच्यातूनच प्रभात फिल्म कंपनी निघाली.

फाळक्यांनी मायाशंकर भट्टांचं भांडवल घेऊन फाळके डायमंड कंपनी काढली आणि सेतुबंधन सुरू केला. पैसे मधेच संपले, तेव्हा सोडवायला आले ते आपटेच, आणि ती कंपनी हिंदुस्थानमधे मिळवून चित्रपट पुरा केला. म्हणजे भांडणं झाली तरी ही माणसं एकमेकांना पूर्ण तोडत नव्हती. पण तोवर १४ मार्च १९३१ ला आलम आरा हा इथला पहिला बोलपट लागून गेला होता. मुका चित्रपट बघायला कोणी येईना, सेतुबंधनला मागाहून आवाज चढवावा लागला, आणि कंपनी बंद पडली.

काय उरलं

शहरात दादासाहेब फाळके रोड आहे, पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच गेले.

फिल्मपैकी फार थोडं हाताशी आहे आणि त्यातही वाद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात राजा हरिश्चंद्रची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळं आहेत, सगळी मिळून १,४७५ फूट. ही १९१३ ची की १९१७ मधे फाळक्यांनी परत काढलेल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांचं जुळत नाही. बऱ्याच जणांचा कल १९१७ कडे आहे आणि तो सयुक्तिक वाटतो, कारण मूळ प्रती खराब झाल्यामुळेच चित्रपट परत काढावा लागला असं धरलं तर नंतरची टिकणं जास्त शक्य. नाशिकच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा आहे, कारण १९१७ ची मानली तर ती रिळं दादरच्या घरातली नाहीत, नाशिकच्या कारखान्यातली ठरतात. त्याच वर्षी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही काढली होती, तिच्या उरलेल्या तुकड्यात फाळके स्वतः फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात.

कंपनीच्या स्वतःच्या चित्रपटांपैकी सगळ्यात जास्त उरलाय तो कालियामर्दन. त्याची सुरुवात कथेने होत नाही. आधी मंदाकिनी येते, कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, आणि मग बघता बघता तिचाच कृष्ण होतो.