आउटलायर-शोध

आकडेवारीतील इतर नोंदींपासून फार दूर पडलेले, अतिमोठे वा अतिलहान मूल्य म्हणजे आउटलायर. दशांशचिन्ह चुकते, उपकरण बिघडते, भलत्याच गटातली नोंद मिसळते, तेव्हा असे मूल्य येते. कधी ते अगदी खरेही असते.

सर्वांत रुळलेली कसोटी अशी: सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडचे मूल्य संशयास्पद (प्रमाण विचलन म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचे माप). प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वितरणात अशी मूल्ये जेमतेम ०.२७ टक्के असतात. लहान नमुन्यात मात्र ही कसोटी कुचकामी ठरते, कारण ज्याला पकडायचे तेच मूल्य सरासरीला स्वतःकडे ओढते आणि विचलनही फुगवते. नऊ नोंदी १० आणि दहावी १००० असेल, तर सरासरी १०९ आणि प्रमाण विचलन सुमारे ३१३ येते. १००० हे मूल्य सरासरीपासून २.८५ विचलनांवरच राहते, म्हणजे सहीसलामत सुटते! दहावी नोंद दहा लाख केली तरी निकाल बदलत नाही. दहा नोंदींत तीनची मर्यादा ओलांडणे गणितानेच अशक्य आहे.

म्हणून चतुर्थकांवर आधारलेली, संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांची पद्धत अधिक भरवशाची. चढत्या क्रमाने लावलेल्या नोंदींचे चार समान भाग पाडणारी मूल्ये म्हणजे चतुर्थक. पहिल्या व तिसऱ्या चतुर्थकांतील अंतराची दीडपट काढायची. पहिल्याच्या खाली किंवा तिसऱ्याच्या वर त्याहून दूर गेलेले मूल्य वेगळे दाखवायचे. चतुर्थक चौकटीने दाखवणाऱ्या आलेखातले, म्हणजे बॉक्स प्लॉटमधले, सुटे ठिपके ते हेच. टोकाच्या एखाद-दुसऱ्या नोंदीने चतुर्थक सहसा फारसे हलत नाहीत. तरीही प्रसामान्य वितरणातली सुमारे ०.७ टक्के निर्दोष मूल्ये या जाळ्यात सापडतात. उत्पन्नासारख्या एका बाजूला कललेल्या आकडेवारीत तर कितीतरी अधिक. तिथे कल कमी करण्यासाठी आधी मूल्यांचे लॉगॅरिथम घेणे बरे.

खूण करणे वेगळे आणि नोंद वगळणे वेगळे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला मात्र सुमारे ७३. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणाऱ्या कोणत्याही कसोटीला सांताक्रूझचा आकडा खोटाच वाटला असता. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या बाबतीत जवळपास तेच झाले. निंबस-७ उपग्रहाच्या आकडेवारीत १८० डॉबसन एककांखालची (हे ओझोनच्या प्रमाणाचे एकक) मूल्ये संशयास्पद म्हणून बाजूला पडत होती. १९८५ मध्ये ओझोनची घट जगापुढे मांडली ती अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रावर जमिनीवरून मोजमाप करणाऱ्या ब्रिटिश संशोधकांनी.

नोंदीतली चूक सिद्ध झाली तर ती दुरुस्त करतात. कारण सापडत नसेल, तर ते मूल्य धरून आणि वगळून आलेले दोन्ही निष्कर्ष शेजारी-शेजारी छापण्याची पद्धत आहे.